गुलाल कोणत्या पक्षाचा?

ग्रामपंचायतींची मतमोजणी सुरू झाली की दुपारपर्यंत प्रत्येक पक्षाकडून आकडे येऊ लागतात: आमच्या इतक्या, त्यांच्या तितक्या. डिसेंबर २०२२ साठी ७,७५१ ग्रामपंचायतींची निवडणूक जाहीर झाली होती. निकालाच्या दिवशी सत्ताधारी युती आणि महाविकास आघाडी, दोघांनीही आपणच पुढे असल्याचे सांगितले. हे दावे खोटेच असतात असे नाही, पण ते तपासता येत नाहीत. महाराष्ट्रात जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची निवडणूक पक्षचिन्हावर होते, ग्रामपंचायतीची होत नाही. तिथे राज्य निवडणूक आयोगाच्या मुक्त यादीतली कपबशी, छत्री अशी चिन्हे असतात आणि निकाल लागतो तो उमेदवाराच्या नावाने. त्यावरून ग्रामीण भागाचा पक्षीय कौल काढायचा आणि तो पुढच्या विधानसभेला लावायचा, याला काहीच आधार उरत नाही.

यावर लगेच विचारले जाते की चिन्ह नसले म्हणून पक्ष नसतो का? पॅनेल कोणत्या आमदाराचे, हे तर गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. ते खरेच आहे. पण अनेक गावांत समोरासमोरची दोन्ही पॅनेल एकाच पक्षाला मानणारी असतात आणि एका पॅनेलमध्ये दोन-तीन पक्षांची माणसे सुखाने नांदतात. पॅनेलची मुळे बहुधा विकास सोसायटी, दूध डेअरी आणि कारखान्याच्या जुन्या गटांत असतात. निवडून आल्यावर सत्कार कोणाच्या हस्ते घ्यायचा, हे पुष्कळदा निकालानंतर ठरते. मतदार मात्र त्याआधी वेगळेच तोलत असतो: नळाला पाणी किती दिवसांनी येते, घरकुलाच्या यादीत नाव कोणी घातले, दाखल्यासाठी किती हेलपाटे पडले. २०१५ पासून चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीकडे येऊ लागला आणि या हिशेबाला आणखी वजन आले. जानेवारी २०२१ मध्ये ग्रामपंचायतींना सुमारे ७९ टक्के मतदान झाले. २०२४ च्या लोकसभेला राज्यात, शहरे धरून, ते ६१ टक्क्यांच्या आसपास होते. हा उत्साह केवळ पक्षाच्या ओढीचा असता, तर तो लोकसभेलाही दिसला असता.

दुसरा समज अधिक रुजलेला आहे: गावात मत जातीवर आणि भावकीवर पडते, बाकी सगळे बोलण्यापुरते. उमेदवार निवडताना जात पाहिली जाते, यात शंका नाही. पण म्हणूनच मतदानात ती एकटी निर्णायक ठरू शकत नाही. प्रभागात ज्या समाजाची घरे जास्त, त्याच समाजाचा उमेदवार दोन्ही पॅनेल देतात. राखीव जागेवर तर सगळे उमेदवार कायद्यानेच त्या प्रवर्गातले असतात. निम्म्या जागा महिलांच्या आहेत आणि अनेकदा एकाच भावकीतल्या दोन सुना समोरासमोर उभ्या राहतात. अशा वेळी निवड दुसऱ्याच कशावर तरी होणार. मतदार किती बारकाईने निवडतो, ते थेट सरपंच निवडीत दिसले. ही पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आणली गेली. सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या पॅनेलचे, असा निकाल अनेक गावांनी दिला. एकाच दिवशी, एकाच खोलीत उभे राहून मतदाराने सरपंचाला वेगळे आणि सदस्याला वेगळे बटण दाबले. गठ्ठा मतदानाच्या सिद्धान्तात हे बसत नाही.

पैशांचे मात्र झटकून टाकता येणार नाही. पैसे वाटले जातात. दोन्हीकडून वाटले जातात आणि मत गुप्त असल्याने घेणाऱ्याला बांधून ठेवता येत नाही. त्याहून गंभीर गोष्ट आहे ती भीतीची. प्रभागात जेमतेम काही शे मते असली की एक घर कुठे गेले ते कळत नाही, पण एखादी वस्ती कुठे झुकली याचा अंदाज मोजणीतून बांधता येतो. मजुरीसाठी दुसऱ्याच्या शेतावर अवलंबून असणाऱ्या कुटुंबावर त्याचा दबाव येतो. गावच्या मतदानात दोष शोधायचाच असेल, तर तो मतदाराच्या अडाणीपणात नव्हे, इथे शोधावा.

आणि म्हणूनच ‘बिनविरोध म्हणजे एकोपा’ हे वाक्य ऐकले की मला धास्ती वाटते. बिनविरोध निवडीत काही ठिकाणी खरा समंजसपणा असतो. पण २०२१ च्या निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबारमधील खोंडामळी येथे पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाले, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाला तिथली निवडणूक प्रक्रियाच रद्द करावी लागली. निवडणूक झाली की गाव फुटते, हा आक्षेप मला मान्य नाही. हिवरे बाजार या आदर्श गावात सुमारे तीन दशकांच्या बिनविरोध निवडींनंतर त्याच वर्षी मतदान झाले आणि तिथले नेते पोपटराव पवार यांचे पॅनेल सर्व जागांवर निवडून आले. आदर्श गाव म्हणून गाजलेल्या पाटोद्यात तिथले नेते भास्करराव पेरे पाटील स्वतः उभे नव्हते, त्यांच्या मुलीला गावाने नाकारले. दोन्ही गावांतले नेते राज्यभर नावाजलेले, तरी एका गावाने होकार दिला आणि दुसऱ्याने नकार. मतपेटी उघडली नसती, तर यातले काहीच कोणाला कळले नसते.