फेरो, तुली, लातुम : एका क्रियापदाची तीन घराणी

लॅटिन कोशात क्रियापदाची चार रूपे ओळीने दिलेली असतात. ती पाठ झाली की उरलेली रूपे त्यांवरून घडवता येतात. 'प्रेम करणे' घ्या : आमो, आमारे, आमावी, आमातुम. चाल सरळ आहे. 'वाहून नेणे, आणणे, सोसणे' अशा अर्थांचे क्रियापद मात्र येते ते असे : फेरो, फेर्रे, तुली, लातुम. मी वाहतो, वाहणे, मी वाहिले, वाहिलेले. पहिल्या दोन रूपांचा पुढच्या दोघांशी कानाला काहीच संबंध लागत नाही. व्याकरणाची पुस्तके त्याला 'अनियमित' म्हणून मोकळी होतात.

'फेरो'चा धातू आपल्या ओळखीचा आहे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या सामाईक मूळ भाषेतला शब्दारंभीचा 'भ' लॅटिनमध्ये 'फ' होतो. भ्राता तिथे 'फ्रातेर' होतो. त्याच न्यायाने संस्कृत भरामि म्हणजे 'फेरो'. वेदांत भृ धातूचा अर्थ मुख्यतः वाहणे, आणणे असाच आहे. मराठीतला भार त्याच्याच कुळातला आणि 'भरणे'ही त्याच्याच कुळातले. ग्रीकमध्येही 'फेरो' आहेच.

भारतीय भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी आहे, हे १५८३ साली गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात नोंदवणारा माणूस पुढे आपल्या चांगल्या परिचयाचा झाला : ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर स्टीफन्स. याच साम्यावरचे विल्यम जोन्स यांचे कलकत्त्यातले गाजलेले व्याख्यान त्यानंतर दोनशे वर्षांनी, १७८६ मध्ये झाले. १८१६ मध्ये फ्रान्ट्स बोप यांनी संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांची क्रियापदे शेजारी शेजारी मांडली आणि तुलनेला शास्त्राचे रूप आले.

तसाच 'फेरो'चा वर्तमानकाळ मांडला की एक खटका जाणवतो. फेरो, फेर्स, फेर्त, फेरिमुस, फेर्तिस, फेरुन्त. भरसि, भरति यांतला मधला स्वर 'फेर्स', 'फेर्त'मध्ये गेला कुठे? काही अभ्यासक ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातल्या 'भर्ति' या विरळ रूपाकडे बोट दाखवतात. त्यांच्या मते स्वराविना प्रत्यय लावणारी ही प्राचीन पद्धत आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते स्वर आधी होता, तो लॅटिनमध्ये गळला. मला दुसरा पक्ष पटतो. आज्ञार्थी 'फेर'ची सोबत 'दीक' (सांग), 'दूक' (ने), 'फाक' (कर) यांच्याशी आहे. त्या तिघांची शेवटी 'ए' असलेली रूपे जुना रोमन नाटककार प्लाउटुस याच्या नाटकांत सापडतात, म्हणजे तिथे स्वर गळताना दिसतो. एकट्या 'भर्ति'वर एवढा भार टाकणे धाडसाचे वाटते. 'फेर्रे'चे कोडे त्या मानाने सोपे आहे : मूळ 'फेर्से', त्यातला 'स' शेजारच्या 'र'मध्ये मिसळला.

'तुली'चे घराणे वेगळे. उचलणे, पेलणे असा अर्थ असलेल्या धातूपासून ते आले. संस्कृतातली तुला त्याच धातूची, आणि आपले तोलणेही. प्लाउटुस, तेरेन्तियुस यांच्या नाटकांत 'तेतुली' असे द्विरुक्त रूप आढळते. आपल्या 'ददर्श', 'बभार'सारखेच. पुढे आरंभीचा 'ते' झडला. 'लातुम' वरवर परका वाटतो, पण तो 'तुली'चाच सख्खा. तो आधी 'त्लातुम' होता; लॅटिनला शब्दाच्या आरंभी 'त्ल' पेलवेना, 'त' गेला. म्हणजे धातू पाहू गेल्यास घराणी दोनच. तीन दिसतात ती या झिजेमुळे. यात खरी फरपट झाली 'तोल्लो' (उचलतो) या क्रियापदाची. 'तुली' आणि 'लातुम' हक्काने त्याची रूपे. ती 'फेरो'ने नेली आणि 'तोल्लो'ला उपसर्ग लावलेल्या 'सुस्तुली', 'सुब्लातुम'वर भागवावे लागले. स्वतःच्याच वाड्यात भाडेकरू!

असे का व्हावे? वाहणे ही चालू राहणारी क्रिया. भृ-फेरचा मूळ भाव तोच असावा, आणि पुरी झालेली क्रिया सांगायला त्याला दुसऱ्या धातूचा आधार घ्यावा लागला, असा एक तर्क आहे. हेर्मान ओस्टहोफ यांनी १८९९ मध्ये या उसनवारीवर स्वतंत्र निबंध लिहिला. पाणिनीने तर कितीतरी आधी अशा जोड्यांसाठी आदेशाची सोय केली होती : ठरावीक ठिकाणी अस्‌ च्या जागी भू, ब्रू च्या जागी वच्‌. लॅटिनमध्येही 'आहे'साठी अस्‌चा भाऊबंद आणि 'होतो'साठी 'फुइ', म्हणजे भूचा. आणि मराठी? 'जातो' आला संस्कृत 'या' धातूवरून, 'गेला' 'गत'वरून. 'होतो' भूचा, 'झाला' संस्कृत 'जात'चा. घराघरांतली चार वर्षांची पोरे हे बिनचूक बोलतात, म्हणून 'अनियमित' हा शिक्का मला फारसा मान्य नाही.

रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळी बोलीतून एकटा 'फेरो' नाहीसा झाला. वाहण्याचे काम 'पोर्तारे'ने घेतले. फ्रेंच 'पोर्ते' आणि इटालियन 'पोर्तारे' त्यातूनच आले. उपसर्ग लागलेली रूपे मात्र तगली. आपल्याकडे ती इंग्रजीमार्फत पोहोचली : ऑफर, ट्रान्सफर, रेफरन्स, कॉन्फरन्स ही 'फेरो'कडून, रिलेशन, सुपरलेटिव्ह ही 'लातुम'कडून. इटालियन बोलणाऱ्यांनी ही दुफळी मिटवून टाकली. 'अर्पण केलेले' याला लॅटिनमध्ये 'ओब्लातुम' म्हणत. त्यांनी 'ओफ्फ्रीरे'वरून 'ओफ्फेर्तो' केले, आणि 'लातुम'ला तिथून निरोप मिळाला.