विद्यार्थिदशेतील उमेदवारी : तंत्रक्षेत्रात जगाकडे जाणारी वाट

अक्कलकुवा तालुक्यातील खापर हे गाव अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्गावर वसलेले आहे. सातपुड्याच्या या परिसरातून दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी व मजुरीसाठी गुजरातकडे जातात. कामासाठी घर सोडणे येथील लोकांना नवे नाही. आता त्याच कुटुंबांतील मुले-मुली संगणक व अणुविद्युत शाखांची पदविका किंवा पदवी घेऊ लागली आहेत. पदवी हाती आली, की "अनुभव किती?" हा पहिला प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो. शहरातील ओळखी नसलेल्या मुलाने हा अनुभव आणावा कोठून?

याचे उत्तर जुन्या मराठी शब्दात दडलेले आहे. तो शब्द म्हणजे उमेदवारी. आजची मुले तिला इंटर्नशिप म्हणतात.

संत जॉन बॉस्को यांचा करार

शिकाऊ मुलांच्या कामाविषयी ख्रिस्तसभेने फार पूर्वीच विचार केला आहे. ८ फेब्रुवारी १८५२ रोजी इटलीतील तुरीन शहरात संत जॉन बॉस्को यांनी एका मुलासाठी सुतारकामाच्या उस्तादाशी लेखी करार केला. मुदत दोन वर्षांची होती. उस्तादाने मुलाला धंदा नीट शिकवावा, त्याची चूक केवळ शब्दांनी सुधारावी, धंद्याशी संबंध नसलेली कामे त्याला सांगू नयेत, सणाच्या दिवशी त्याला मोकळे सोडावे आणि ठरलेली मजुरी दर आठवड्यास द्यावी, अशा अटी त्यात होत्या. शिक्षण पुढे सरके तशी मजुरीही वाढत जाणार होती. त्या काळी कारखान्यांत मुलांना मारहाण होई आणि घरकामालाही जुंपले जाई. हे ध्यानात घेतले, म्हणजे या कागदाचे मोल कळते. इंटर्नशिप निवडताना आजही याच कसोट्या लावाव्यात.

उमेदवारीचा उपयोग कसा होतो?

वर्गात विद्यार्थी पुस्तकातील उदाहरणे सोडवतो. कंपनीत त्याला दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली वाचावी लागते, तीतील दोष शोधावा लागतो आणि ठरलेल्या दिवशी काम पूर्ण करून द्यावे लागते. सहा महिन्यांनी त्याच्यापाशी तीन गोष्टी जमतात : दाखवता येईल असे काम, त्या कामाविषयी बोलू शकणारा वरिष्ठ आणि इंग्रजीत काम समजावून सांगण्याचा सराव. अनेक कंपन्या चांगल्या उमेदवाराला शिक्षण संपण्यापूर्वीच नोकरी देऊ करतात.

परदेशाचे दार बहुधा येथूनच उघडते. बहुराष्ट्रीय कंपनीत लागलेला तरुण पुढे तिच्याच परदेशी कार्यालयात जाऊ शकतो. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या एल-१ व्हिसासाठी अर्जापूर्वीच्या तीन वर्षांत त्या कंपनीच्या अमेरिकेबाहेरील कार्यालयात सलग एक वर्ष काम केलेले असावे लागते. दुसरा मार्ग उच्च शिक्षणाचा. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात १९५७ पासून शिक्षण व पगारी काम आलटून-पालटून चालते. अशा ठिकाणी प्रवेश मागताना पूर्वी केलेले काम उपयोगी पडते.

संधी कोठे आहेत?

महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाने २०१७ च्या अभ्यासक्रमात पदविकेसाठी सहा आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण घातले. ही केवळ सही-शिक्क्याची औपचारिकता मानू नये. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा असून १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारक अभियंतेही त्याच्या कक्षेत आले. राष्ट्रीय योजनेखाली अशा उमेदवारांना एक वर्षाचे प्रशिक्षण व विद्यावेतन मिळते. विद्यावेतनाच्या किमान रकमेचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलते. पुण्यात खोली भाड्याने घ्यावी लागणाऱ्या गरीब मुलाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

घर न सोडताही आंतरराष्ट्रीय अनुभव मिळू शकतो. गूगल कंपनीने २००५ साली 'समर ऑफ कोड' हा उपक्रम सुरू केला. त्यात सर्वांना खुल्या असलेल्या संगणकप्रणालींवर अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताखाली घरूनच काम करता येते व मानधन मिळते. केलेले काम महाजालावर नावासह राहते. ते जगात कोणीही तपासू शकतो. तंत्रशाखेच्या विद्यार्थ्यांना परदेशात पगारी प्रशिक्षण मिळवून देणारी आयएईएसटीई ही संस्था १९४८ पासून कार्यरत असून भारतातील विद्यार्थीही तिचा लाभ घेतात.

सावधगिरी

जेथे संधी तेथे फसवणूकही असते. इंटर्नशिप देण्यासाठी पैसे मागणारा, लेखी पत्र न देणारा किंवा मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणारा मनुष्य दारातूनच परत पाठवावा. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने थायलंडमधील खोट्या संगणक नोकऱ्यांविषयी इशारा दिला होता. तेथे जाण्यास निघालेल्या तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन डांबून ठेवण्यात आले व त्यांच्याकडून सायबर फसवणुकीची कामे करून घेण्यात आली. परदेशी नोकरीचा मध्यस्थ सरकारकडे नोंदलेला आहे की नाही, हे 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर पाहता येते. विद्यार्थ्याने कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो शिक्षकांना किंवा धर्मगुरूंना दाखवावा.

धर्मग्रामाने काय करावे?

देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. आधुनिक तंत्रज्ञान आपल्या दाराशी येऊन पोहोचले आहे. त्याचे केवळ लाभार्थी न राहता आपल्या मुलांनी त्याचे कारागीर व्हावे. शहरांत नोकरी करणाऱ्या आपल्या धर्मबांधवांनी वर्षातून एक दिवस गावाकडील मुलांना द्यावा, अर्ज लिहिण्यास मदत करावी आणि शक्य असल्यास पहिल्या महिन्याच्या राहण्याची सोय करावी. मिशनच्या वसतिगृहांत एखादा संगणक व नियमित इंटरनेट असले तरी पुष्कळ साधेल.

प्रभू येशूने नाझरेथ येथे संत योसेफाच्या हाताखाली सुतारकाम केले. त्याच्याही आयुष्यात उमेदवारीची वर्षे होती. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायातील दाखल्यात धन्याने दिलेले धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराला दोष लागला. आपल्या मुलांची बुद्धी ही आपल्यावर सोपवलेली ठेव आहे. ती कामाला लागावी म्हणून त्यांना योग्य उस्तादापर्यंत नेऊन पोहोचवणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य होय.