शून्य आठ म्हणजे कर्नाटक?

सीमाप्रश्नावरचा वाद रंगात आला की पुराव्यांच्या ढिगात हमखास एक पुरावा येऊन पडतो. बेळगावचा एसटीडी कोड ०८३१, हुबळीचा ०८३६, बेंगळुरूचा ०८०. उलट कोल्हापूरचा ०२३१ आणि पुण्याचा ०२०. म्हणजे शून्य आठ कर्नाटकाचं, शून्य दोन महाराष्ट्राचं, झाला निकाल! एका बाजूची माणसं हे अभिमानाने सांगतात. दुसऱ्या बाजूची हळहळून सांगतात की फोनचा नंबरसुद्धा आपल्यावर लादला, आणि सीमाभाग महाराष्ट्रात गेला की कोडही शून्य दोनने सुरू होईल अशी पुस्ती जोडतात. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या दोन बाजूंचं फारशा गोष्टींवर एकमत झालेलं नाही. या एका गोष्टीवर झालं आहे आणि नेमकी तीच चूक आहे.

हा नियम खरा धरून जरा नकाशावर फिरून पाहू. गोव्याचा कोड ०८३२. बेळगाव शहर ०८३१, त्याच जिल्ह्यातलं गोकाक ०८३३२, खानापूर ०८३३६, निपाणी आणि चिकोडी ०८३३८. या सगळ्यांच्या मधोमध गोवा जाऊन बसला आहे. मग गोवा कर्नाटकात का? महाराष्ट्रातलंच नागपूर घ्या, ०७१२. अमरावती ०७२१. हे शून्य सात भोपाळचं (०७५५) आणि इंदूरचं (०७३१) आहे, तर विदर्भ मध्य प्रदेशाला देऊन टाकायचा का? शून्य दोन हे महाराष्ट्राचं लेणं असेल, तर सुरत (०२६१), राजकोट (०२८१), जोधपूर (०२९१) आणि उदयपूर (०२९४) यांच्यावरही आपण दावा सांगायला हवा. मेवाडसकट संयुक्त महाराष्ट्र! आणि शून्य आठ फक्त कन्नड मुलखाचं म्हणावं, तर वारंगळ ०८७० आणि विशाखापट्टणम ०८९१ आहे. या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात राहावं, असं सुचवलं. फोनच्या कोडला त्याचा पत्ताही नाही. दोन्ही गावं शून्य आठमध्येच आहेत आणि ज्या गोव्याचा या वादाशी संबंध नाही, तोही तिथेच आहे.

मुळात हा कोड राज्य सरकार देतच नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत टपाल, तार आणि टेलिफोन केंद्राच्या सूचीत आहेत. आकडे वाटले ते आधी केंद्राच्या डाक-तार खात्याने आणि पुढे दूरसंचार विभागाने. देशातला पहिला एसटीडी कॉल १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये सुरू झाला. तेव्हा प्रश्न होता तो ऑपरेटरशिवाय कॉल कुठल्या वाटेने न्यायचा आणि त्याचे किती पैसे लावायचे हा. म्हणून देशाचे अडीच हजारांहून जास्त लहान आकारणी विभाग पडले, साधारण एकेका तालुक्याएवढे. कोड त्या विभागाचा असतो. पहिला आकडा देशाचा मोठा टापू सांगतो, पुढचे आकडे जागा बारीक करत नेतात, अगदी टपालाच्या थैल्या वेगळ्या कराव्यात तसे. दर ठरायचा तो दोन केंद्रांमधल्या सरळ अंतरावरून. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आणि बेंगळुरू पाचशेच्या वर. त्यामुळे ‘परराज्यात’ लावलेला कोल्हापूरचा कॉल ‘स्वराज्या’तल्या राजधानीच्या कॉलपेक्षा स्वस्तच पडायचा. मीटरला राज्य कळत नाही, मैल कळतात.

मग कोड बदलतो कधी? सगळी मेख या प्रश्नातच आहे आणि त्याचं उत्तर दोन्ही बाजूंनी तपासता येतं. आधी राज्यं बदलली तेव्हा काय झालं ते पाहा. २००० साली छत्तीसगड झालं, रायपूर ०७७१ च राहिलं. झारखंड झालं, रांची ०६५१ च राहिली. २०१४ च्या जूनमध्ये तेलंगण वेगळं झालं, वारंगळच्या कोडचा एक आकडाही हलला नाही. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, दुकानांच्या पाट्यांवरून रान उठलं, पण ०८३१ जागचा हलला नाही. आता उलट बाजू. हैदराबादचा कोड पूर्वी ०८४२ होता, तो ०४० झाला. शहर शून्य आठमधून उठून शून्य चारमध्ये गेलं, पण त्यासाठी ते तमिळनाडूत गेलं नाही. अहमदाबाद ०२७२ वरून ०७९ वर गेलं, म्हणजे शून्य दोन सोडून शून्य सातमध्ये. बेंगळुरू ०८१२ चं ०८० झालं, पुणे ०२१२ चं ०२०. राज्य बदललं तरी कोड तसाच राहिला आणि कोड बदलला तेव्हा राज्य तेच होतं, याहून स्पष्ट पुरावा कुठला हवा? या चारही शहरांत बदलाचं कारण एकच होतं : नंबर संपत आले होते. शून्य वगळून कोड आणि नंबर मिळून दहा आकडे, हा आपल्याकडचा हिशेब. बेळगावचा कोड तीन आकडी (८३१), म्हणून नंबर सात आकडी. निपाणीचा चार आकडी (८३३८), म्हणून नंबर सहा आकडी. पुण्याचा कोड एका आकड्याने कमी झाला, तेव्हा नंबराला एक आकडा जास्त मिळाला आणि जागा दहापट झाली. निपाणीच्या तंबाखू बाजारातल्या एखाद्या जुन्या बिलबुकावर छापील नंबराच्या आधी शाईने घातलेला २ दिसला, तर तोही याच हिशेबातला; सरकारी फोनच्या नंबरांना पुढे २ लागला, तेव्हा बिलबुकं संपायची होती.

यावर एक आक्षेप येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. कोल्हापूर शून्य दोनमध्ये आणि चाळीस किलोमीटरवरची निपाणी शून्य आठमध्ये, हा काय योगायोग? नाही. खात्याची मंडळं बहुतेक राज्यांप्रमाणे आखलेली होती, त्यामुळे कोडांच्या टापूंच्या कडा पुष्कळ ठिकाणी राज्यांच्या सीमेवरून जातात. पण ती कारभाराची सोय आहे, हक्काची नोंद नव्हे, आणि सोय जिथे वेगळी होती तिथे रेघही वेगळी गेली. दूरसंचाराच्या कारभारात गोवा महाराष्ट्र मंडळात आहे, कोड मात्र शून्य आठचा. मोबाइलच्या परवाना-नकाशात तर मुंबई महाराष्ट्र मंडळात नाहीच, तिचं मंडळ स्वतंत्र. पिनकोडचंही तेच. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. तिच्यात गोवा ४०३ म्हणून महाराष्ट्राच्या रांगेत आहे आणि बेळगाव ५९० म्हणून कर्नाटक-आंध्रच्या सामाईक रांगेत. तेव्हा पिनकोडने गोवा महाराष्ट्राला आणि एसटीडी कोडने कर्नाटकाला, अशी वाटणी ज्यांना मान्य असेल त्यांनी आधी गोव्याला विचारावं.

उरलेले गैरसमज किरकोळ आहेत. ९४४८ म्हणजे कर्नाटकातला माणूस आणि ९४२२ म्हणजे महाराष्ट्रातला, हे एके काळी बीएसएनएलपुरतं बरोबर होतं. ३ जुलै २०१५ पासून नंबर देशभर कुठेही सोबत नेता येतो, त्यामुळे आता त्यावरून काहीच कळत नाही. मोबाइल नंबर अकरा आकडी होणार ही २०२० ची अफवा. दूरसंचार नियामक ट्रायने तेव्हाच खुलासा केला की शिफारस आहे ती लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य दाबण्याची, आणि १५ जानेवारी २०२१ पासून तेवढंच लागू झालं. नंबर ठेवण्याचे पैसे द्यावे लागणार, ही २०२४ मधली. तीही ट्रायने खोडून काढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने लँडलाइनची रचना तालुक्याएवढ्या विभागाऐवजी मोठ्या परवाना-मंडळावर नेण्याची शिफारस केली, त्यावरून आता सगळे नंबर बदलणार असं बोललं जातं. आहेत ते नंबर तसेच ठेवायचे, असं त्या शिफारशीतच आहे.

आणि शून्य हा कोडचा भागच नव्हे. तो फक्त ‘कॉल गावाबाहेर जातोय’ एवढंच यंत्राला सांगतो. म्हणून दुकानाच्या पाटीवर किंवा लग्नपत्रिकेवर ‘+९१ ०८३१’ छापलं असेल, तर शून्य काढून टाका. तो तसाच दाबला तर परदेशातून फोन लागणार नाही.