निळ्या प्रकाशाच्या मागावर

अतिनील किरणांनी मरायला टेकलेल्या जिवाणूंवर निळा प्रकाश टाकला, तर त्यांतले कितीतरी पुन्हा तग धरतात. ही किमया फोटोलायेज नावाच्या विकराची, हे क्लॉड रुपर्ट यांनी १९५० च्या दशकात दाखवले. ते चालते कसे, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. अझीझ सांजार यांनी तो आयुष्यभर सोडला नाही.

सांजार आग्नेय तुर्कस्तानातल्या सावूरचे. आईवडील निरक्षर, भावंडे आठ. इस्तंबूलला वैद्यकी शिकून त्यांनी काही काळ आपल्याच भागात डॉक्टरकी केली आणि मग डॅलसला रुपर्ट यांची प्रयोगशाळा गाठली. १९७६ मध्ये त्यांनी फोटोलायेजचे जनुक वेगळे काढले. पण पीएचडीनंतर तीन ठिकाणी नकार मिळाला, तेव्हा येल विद्यापीठात तंत्रज्ञाची नोकरी पत्करली.

तिथे ते दुरुस्तीच्या दुसऱ्या तऱ्हेकडे वळले. अतिनील किरणांमुळे डीएनएतले शेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात. फोटोलायेज प्रकाशाच्या बळावर एक इलेक्ट्रॉन देऊन ही चिकटण सोडवते. प्रकाशाविना चालणारी ही दुसरी यंत्रणा मात्र शिवणकामाच्या रीतीने चालते: खराब भाग कापायचा, नवा जोडायचा. जिवाणूंतली तीन प्रथिने मिळून बिघाडाच्या दोन्ही बाजूंना छेद देतात आणि १२-१३ न्यूक्लिओटाइडांचा तुकडा बाहेर पडतो, हे १९८३ मध्ये सांजार आणि डीन रप यांनी सिद्ध केले. पुढे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात त्यांनी माणसातली हीच यंत्रणा उलगडली. आपल्याकडे फोटोलायेज नाहीच. सारी भिस्त या कापाकापीवर. ती जन्मतः बिघडलेली असेल, तर झिरोडर्मा पिगमेंटोसम होतो आणि उन्हाने त्वचेचा कर्करोग ओढवतो. उलट, सिस्प्लॅटिन या औषधाने कर्करोगी पेशींच्या डीएनएला केलेली इजाही हीच यंत्रणा भरून काढते. जी आपली राखण करते, तीच औषधाच्या आड येते.

२०१५ मध्ये टोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासह त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

दरम्यान, माणसातली फोटोलायेजसारखी दिसणारी प्रथिने त्यांनी तपासली. त्यांना दुरुस्ती येत नव्हती. ती निघाली शरीराच्या दैनंदिन घड्याळाचे भाग. मग दोन्ही धागे एकत्र आले. उंदरांच्या त्वचेतली दुरुस्ती पहाटे मंद आणि संध्याकाळी जोमात असते. पहाटे चारला अतिनील किरण सोसलेल्या उंदरांना दुपारी चारच्या उंदरांपेक्षा लवकर कर्करोग झाला. त्यामुळे कर्करोगाचे औषध किती द्यायचे, याच्या जोडीला ते कोणत्या वेळी द्यायचे, हाही आता जीवरसायनाचा प्रश्न झाला आहे.