पाणवेढा, भाग 9 : बोरीच्या वेढ्यातलं नळदुर्ग

गेल्या आठवड्यात आपण मुरूडच्या जंजिऱ्यावर होतो. तिथं समुद्रानं बेट आयतं दिलं होतं, सिद्दींनी त्यावर तट चढवला. आज दुष्काळी मुलखातल्या बेटावर जायचं आहे. धाराशिव जिल्ह्यात बेट म्हटलं की ऐकणारा चमकतो. पण सोलापूरहून हैदराबादच्या वाटेला लागलं की तुळजापूर तालुक्यातलं नळदुर्ग लागतं. नगरपरिषदेचं छोटं गाव. गाव बेटावर नाही, मात्र ज्या किल्ल्याच्या आधारानं ते वाढलं, तो किल्ला बेटच आहे, आणि ते माणसांनी घडवलेलं आहे.

काळ्या खडकाचं एक पठार बोरी नदीच्या खोऱ्यात पुढे घुसलंय. त्याच्या तीन अंगांना नदी. चौथी बाजू जमिनीला जोडलेली होती, तिथं खंदक खोदून ती तोडली. नदी मुद्दाम वळवून किल्ल्यात आणली असंही इथली माणसं सांगतात. नदीच्या पलीकडच्या टेकाडावर रणमंडळ नावाचा वेगळा कोट आहे. किल्ला आणि रणमंडळ यांना जोडणारी जी दगडी भिंत नदीच्या पात्रातून आडवी गेली आहे, तिच्यासाठी मी नळदुर्गला पुन्हा पुन्हा जातो.

ही भिंत म्हणजे बंधारा. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये तो पुरा झाला. एका भिंतीनं किती कामं करावीत! पाणी अडवलं, म्हणून किल्ल्याभोवती ऐन उन्हाळ्यातही पाण्याचा पहारा राहिला. वरून वाट झाली, म्हणून फौज रणमंडळात जाऊ-येऊ लागली. आणि याच भिंतीच्या पोटात महाल काढला. पाणीमहाल.

पाणीमहालाचं वर्णन ऐकून काही कळत नाही, उतरूनच बघायला हवं. बंधाऱ्याच्या माथ्यावरून अरुंद दगडी जिना आत जातो. चार पायऱ्या उतरलात की ऊन संपतं, भिंतीला हात लावला तर ओल हाताला येते. आवाज आधी पायांना जाणवतो, मग कानांना. पुढे कमानींचं छोटं दालन आणि त्याला नदीच्या खालच्या अंगाला झरोके. बोरीला पूर असेल तर माथ्यावरच्या दोन सांडव्यांतून पाणी कोसळत असतं आणि आपण त्या पाण्याच्या आत, कोरड्या जागी उभे असतो. बाहेर पाण्याचा पडदा, अंगावर फक्त तुषार. चारशेहून अधिक पावसाळे झाले, तरी तो चुना आणि तो पाषाण पुराला धरून आहे. तोफा-तलवारींच्या काळात कुणीतरी बसून पुराचा जोर, सांडव्याची रुंदी, भिंतीची जाडी यांचा हिशेब केला, आणि तो करताना सौंदर्यालाही जागा ठेवली. मराठवाड्यातल्या कुठल्याही वास्तूपेक्षा मला ही थोर वाटते. वेरूळ वगळून म्हणतो.

त्या दोन सांडव्यांच्या धारांना लोक नर आणि मादी म्हणतात.

किल्ल्याचा बाकी इतिहास थोडक्यात सांगतो. नाव नळराजावरून पडलं अशी लोककथा. कल्याणीच्या चालुक्यांचा मुलूख, मग बहमनी, मग आदिलशाही. निजामशाहीच्या सीमेवरचं ठाणं, त्यामुळे लढाया होत राहिल्या. पहिल्या अली आदिलशहानं तट दगडी केले. 1686 मध्ये विजापूर मोगलांकडे गेलं, पुढे हा भाग हैदराबादच्या निजामाच्या राज्यात आला. आत गेल्यावर नऊ पाकळ्यांचा नवबुरूज जरूर बघा. आणि सगळ्यांत उंच उपळ्या बुरूज चढा. त्याच्या माथ्यावरच्या तोफांजवळ उभं राहिलं की नदीचा वळसा एका नजरेत दिसतो, आणि हे बेट का, ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

1853 मध्ये निजामानं हा प्रांत इंग्रजांकडे सोपवला. कारभारी म्हणून आला कॅप्टन फिलिप मेडोज टेलर, ठगांवरच्या 1839 च्या कादंबरीनं नाव झालेला. 1857 च्या धामधुमीत त्याला वऱ्हाडात पाठवेपर्यंत तो इथंच होता. जमिनीची मोजणी, रस्ते, झाडं यांत त्यानं मन घातलं. त्याच्या मृत्यूनंतर, 1877 मध्ये आलेल्या आत्मचरित्रात नळदुर्गचे दिवस आहेत. तट बांधणाऱ्या त्या अली आदिलशहाची बेगम चांदबिबी, तिच्यावरही त्यानं कादंबरी लिहिली. 1860 मध्ये प्रांत निजामाकडे परतला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जिल्ह्याचं मुख्य ठिकाण इथून धाराशिवला गेलं. तोवर जिल्ह्याचं नावच नळदुर्ग होतं! गाव तेव्हापासून मागे पडलं, याची खंत जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येते.

गावाला दुसरा मोठा मान खंडोबाचा. इथला मैलारपूरचा खंडोबा जवळच्या अणदूरबरोबर वाटून घेतलेला देव आहे. मूर्ती वर्षातले दहा महिने आणि वर काही दिवस अणदूरला, उरलेला काळ नळदुर्गला. देव हलवताना दोन्ही गावांच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. पौष पौर्णिमेला नळदुर्गची यात्रा भरते आणि भंडाऱ्यानं सगळं पिवळं होतं.

आता जायचं कधी, ते. आजकाल नर-मादीचं पाणी वरच्या बोरी धरणाच्या हातात आहे. ते भरून सांडलं की धबधबे सुरू होतात. कमी पावसाच्या वर्षी दोन्ही सांडवे कोरडे राहतात, तेव्हा नुसती भिंत बघून लोक हिरमुसून परततात. म्हणून पावसाळ्याच्या उत्तरार्धात धरण भरल्याची बातमी आली की लगेच निघा. जिन्यावर शेवाळ असतं, तेव्हा चपला नीट धरणाऱ्या घाला आणि लहान पोरांचा हात सोडू नका. आणि उन्हाळ्यात गेलात तरी मन खट्टू करू नका. पाणी नसताना सांडव्याची घडण आणि दगडांचे सांधे जवळून न्याहाळता येतात, पुरात ते दिसत नाहीत.

पुढच्या भागात याच जिल्ह्यातला परांडा, जिथून विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ नेली तो खंदकाचा किल्ला.