हेडमधला कार्बन

दूध पोचवायला, भाजी बाजारात न्यायला आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या घरी जुनी मोटरसायकल आली आहे. ती चढावर टकटक वाजू लागली की गॅरेजवाला म्हणतो, "ताई, हेड उतरवून कार्बन काढावा लागेल." हे काम खरंच लागतं का, आणि लागलं तर कसं व्हायला हवं, ते आज सांगतो. खोपट म्हटलं की तुम्हाला ठाण्याचा एसटी स्टँड आठवेल. तिथलं गॅरेज असो नाहीतर तुमच्या फाट्यावरचं, काम तेच.

इंजिनाच्या डोक्यावरचं ॲल्युमिनियमचं झाकण म्हणजे हेड. त्याच्या खालच्या खोलगट भागात पेट्रोल पेटतं. अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि वर चढलेलं ऑइल यांची काजळी तिथं बसते, चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला बसते तशी. थर वाढला की तो तापून राहतो, पेट्रोल भलत्या वेळी पेटतं आणि टकटक ऐकू येते. व्हॉल्व्हच्या बैठकीवर कण अडकला तर दाब निसटतो. किक हलकी लागते, गाडी ओढत नाही.

1972 साली आलेली लूना आठवते का? तिच्या पेट्रोलातच ऑइल मिसळावं लागे, म्हणून कार्बन काढणं हे नेहमीचंच काम होतं. आजच्या फोर-स्ट्रोक गाडीला ते क्वचित लागतं.

म्हणून आधी धूर पाहा. निळसर असेल तर ऑइल जळतंय. रिंगा किंवा व्हॉल्व्हची सील गेली आहे. ती न बदलता नुसता कार्बन काढला तर थर पुन्हा बसेल आणि पैसे पाण्यात. धूर काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर तपासायला सांगा. कधी नुसते टॅपेट ढिले असतात, त्यासाठी हेड उतरवायची गरजच नाही.

हेड उतरवायचंच ठरलं तर इंजिन पूर्ण गार हवं. थर रॉकेलात किंवा डिझेलमध्ये भिजवून मऊ करायचा आणि लाकडी पट्टीने, पितळी ब्रशने काढायचा. लोखंडी पटाशीने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात. साबणासाठी आणलेला कॉस्टिक सोडा तर अजिबात नको. सोड्याने ॲल्युमिनियमचं पातेलं काळं पडतं ते तुम्ही पाहिलंच असेल. कॉस्टिक त्याहून जहाल, तो धातूच खातो. हे काम घरी करायचं झालं तर चुलीपासून लांब, अंगणात करा. सुकी काजळी फुंकू नका, नाकाला फडकं बांधा. भिजवलेलं काळं रॉकेल विहिरीजवळ किंवा गटारात ओतू नका.

आता गॅरेजात स्वतः पाहून घ्यायची गोष्ट. साफ झालेलं हेड प्लग लावून उलटं ठेवायला सांगा आणि त्या खोलगट भागात थोडं रॉकेल ओतायला लावा. व्हॉल्व्हच्या बाजूने ते झिरपलं तर बैठक नीट नाही, पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासावे लागतील. मेकॅनिक जरा कुरकुरेल, पण दोन मिनिटांचं काम आहे.

हेड गॅस्केट नवीनच बसवायला सांगा. जुनं दाबलेलं परत लावलं तर तिथून दाब गळतो. नटही एका बाजूने नाही, समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. जुनं गॅस्केट आणि बदललेली सील मागून घ्या, बिलाशी ताडून पाहता येतात.