गाऱ्हाणं नळावर नको, ठराव-वहीत हवं

आज आपण बोलणार आहोत ग्रामपंचायतीबद्दल. तुम्ही म्हणाल, त्यात काय बोलायचं? मतं मागायला आले तेव्हा पायऱ्या झिजवल्या, निवडून आल्यावर कुणी गल्लीत फिरकलं नाही. गटार तुंबलेलं, दिवा बंद, नळाला आठवड्यातून दोनदा पाणी. सदस्याला विचारावं तर तो सरपंचाकडे बोट दाखवतो, सरपंच ग्रामसेवकाकडे, ग्रामसेवक म्हणतो वरून निधी आला नाही. आपण सगळ्या नळावर बोलतो, दळणाच्या रांगेत बोलतो, बचत गटाच्या बैठकीत बोलतो. राग खराच असतो. पण नळावर बोललेलं नळावरच राहतं, कारण पंचायतीचा कारभार चालतो तो कागदावर. म्हणून आज हा राग कागदावर कसा आणायचा, ते बघू.

आधी कोण कशाला जबाबदार, ते समजून घेऊ. सरपंच आणि सदस्य आपण निवडतो, पाच वर्षांसाठी. ग्रामसेवक निवडून येत नाही, तो जिल्हा परिषदेचा कर्मचारी असतो. आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. दप्तर तो सांभाळतो, सभेचं इतिवृत्त तो लिहितो. पैसे मात्र त्याच्या एकट्याच्या सहीने निघत नाहीत. सरपंच आणि ग्रामसेवक, दोघांच्या सह्या लागतात. आता बरीच देणी डिजिटल सहीने होतात. त्यामुळे 'मला काही माहीत नाही' हे दोघांपैकी कुणालाच म्हणता येत नाही.

पैसा येतो कुठून? एक, आपली घरपट्टी, पाणीपट्टी आणि इतर कर. दोन, वित्त आयोगाचा निधी. तीन, वेगवेगळ्या योजनांचा पैसा. प्रत्येकाचा नियम वेगळा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या वर्षांसाठी नियम घातला की निधीतला 60 टक्के वाटा पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च व्हावा. उरलेला 40 टक्के गावाच्या इतर गरजांसाठी, पण पगारासाठी नाही. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणासाठी राखायचे असतात, 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी. आपल्या गावात महिलांच्या 10 टक्क्यांचं काय केलं, हा साधा प्रश्न किती जणींनी विचारलाय?

आता विचारायचं कुठे? ग्रामसभेत. गावच्या मतदार यादीत जिचं नाव, ती ग्रामसभेची सदस्य. कुणी बोलवायची, कुणी परवानगी द्यायची गरज नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 सालचा आहे. त्याच्या सातव्या कलमाप्रमाणे वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. सबळ कारण नसताना सरपंचाने सभा घेतली नाही तर तो पदावर राहायला अपात्र ठरू शकतो, आणि तो निर्णय जिल्हाधिकारी देतात. सभेची सूचना सात दिवस आधी द्यायची असते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यांतला जो आकडा कमी तेवढी हजेरी लागते. माणसं जमली नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. इथेच खरी मेख आहे. आपण पहिल्या सभेला गेलो नाही, की दुसऱ्या सभेला दहा-बारा माणसं बसून आपल्या नावाने ठराव करतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असं कायद्यातच लिहिलंय. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच होते. अंगणवाडीत चार बायकांच्या सह्या घेतल्या की झाली महिला सभा. सही मागायला कुणी आलं, तर आधी वर काय लिहिलंय ते वाचा. येत नसेल तर वाचून घ्या. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नका.

आमच्याच गटाचं एक उदाहरण सांगतो. वरच्या वस्तीला नळ आला नव्हता. बाया दिवसातून तीन खेपा घालत होत्या. विचारलं की उत्तर एकच, 'काम मंजूर आहे, होईल.' घोंगडं भिजत पडलं. मग आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज केला. एकच विषय: वस्तीच्या पाईपलाईनच्या कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि दिलेल्या बिलांच्या प्रती. कागद हाती आले, आणि दिसलं की कागदावर पाईप वस्तीपर्यंत पोहोचलाय, मोजमापही झालंय, बिलही निघालंय. जमिनीत पाईप होता तो निम्म्या वाटेपर्यंतच.

यातली सगळ्यात जड गोष्ट पुढची. त्या वेळी सरपंच होत्या त्या आमच्यातल्याच, आमच्याच गटात हप्ता भरणाऱ्या. डिजिटल सहीची किल्ली, ते पेनड्राईव्हसारखं असतं ते, त्यांच्याकडे नव्हतीच. ती दुसऱ्याच्या खिशात असायची. कुठल्या बिलावर आपली सही गेली, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तक्रार करावी तर आपल्याच बाईवर गदा. न करावी तर वस्तीच्या डोक्यावरचा हंडा उतरत नाही. गटात दोन बैठका यावरच गेल्या. काही जणी म्हणाल्या, 'बिचारीला कशाला अडकवता?' तेव्हा वस्तीतली एक जण म्हणाली, 'तिला वाचवायचं तर आताच सांगा. उद्या चौकशी लागली की किल्ली वापरणारा बाजूला होईल आणि नाव हिचंच राहील.'

आम्ही आधी त्यांच्या घरी गेलो. कागद समोर ठेवले. त्या रडल्या, रागावल्याही. पण आठ दिवसांनी त्यांनी किल्ली मागून घेतली. महिला सभेत आम्ही ठराव मांडला, ग्रामसभेत तो वाचून घेतला आणि इतिवृत्तात लिहून घेतला. पंचायत समितीकडे लेखी मागणी केली की काम पुन्हा मोजा. मोजणी झाली. पाईप अजून वस्तीच्या टोकाला पोहोचलेला नाही, पण निम्म्याच्या पुढे सरकलाय. आणि आता कुठल्याही बिलावर सही करायच्या आधी आमच्या सरपंचबाई स्वतः जाऊन काम बघतात.

1993 साली 73वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि बायकांना पंचायतीत एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये त्या निम्म्या केल्या. म्हणजे आता तक्रार जिच्याविरुद्ध करायची ती पुष्कळदा आपल्यासारखीच बाई असते, आणि खुर्चीच्या मागे दुसरंच कुणी. तिला एकटी सोडायचं नाही, तसंच ती बाई आहे म्हणून प्रश्नही सोडायचा नाही. दोन्ही सांभाळायचं. तिच्यासोबत मासिक सभेच्या दिवशी कार्यालयात जा, विषयपत्रिका तिला वाचून दाखवा. तिच्या खुर्चीवर नवरा, दीर बसत असेल तर ग्रामसभेत सरळ विचारा: निवडून कोण आलंय?

आता प्रत्यक्ष काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

पहिलं, तोंडी सांगू नका, अर्ज द्या. विषय एकच, जागा नेमकी, तारीख घातलेली. दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. सही आणि शिक्का नसेल तर त्या अर्जाला पुढे किंमत नाही. घेत नसतील तर पोस्टाने नोंदणी करून पाठवा.

दुसरं, माहितीचा अधिकार वापरा. हा कायदा 2005 चा. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही लागत नाही. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय, आणि तो दीडशे शब्दांत मांडायचा. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. त्यानेही भागलं नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करा. 'का केलं नाही' असं विचारू नका, कागद मागा. नमुना एक म्हणजे अंदाजपत्रक, नमुना पाच म्हणजे रोकडवही. हे दोन मागितले तरी पुष्कळ कळतं.

तिसरं, मोबाईलवर बघा. ई-ग्रामस्वराज या शासनाच्या ठिकाणी आपल्या गावाचा आराखडा आणि खर्च कुणालाही दिसतो. गटातल्या शिकणाऱ्या मुलींना हे काम सांगा.

चौथं, वर्षातली पहिली ग्रामसभा चुकवू नका. मागच्या वर्षाचा हिशेब आणि लेखापरीक्षणाचे शेरे या सभेपुढे ठेवायचे असतात. ते वाचून दाखवा म्हणायचं. भिंतीवर लावलेत म्हटलं, तर भिंतीपर्यंत जाऊन यायचं.

पाचवं, गावात दाद लागली नाही तर वर जा, पण पायरीने. आधी गटविकास अधिकारी, मग जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. सरपंच किंवा सदस्याने गैरवर्तन केलं, कर्तव्यात कसूर केली तर कलम 39 प्रमाणे चौकशी होऊन विभागीय आयुक्त त्यांना पदावरून काढू शकतात. सदस्याने पंचायतीच्या कामाचा ठेका स्वतःच, आडून का होईना, घेतला असेल तर जिल्हाधिकाऱ्यांपुढे त्याच्या अपात्रतेचा प्रश्न नेता येतो. यासाठी ऐकीव गोष्टी चालत नाहीत. तारीख, बिल, ठराव क्रमांक लागतो. म्हणून वरच्या चार गोष्टी आधी.

आणि हो, आपली घरपट्टी भरलेली असू द्या. सभेत पहिला टोमणा तिथूनच येतो.

हे सगळं करताना भीती वाटते, ते आम्हाला माहीत आहे. त्याच भावकीत राहायचं असतं, घरकुलाच्या यादीत नाव असतं, रेशनच्या दुकानात जायचं असतं. म्हणून अर्ज एकीच्या नावावर टाकू नका. पाच-सहा जणींनी सही करा, सभेला एकत्र जा, एकत्र बसा, आणि एकीने बोलताना बाकीच्यांनी माना खाली घालू नका. एकटीला गप्प बसवता येतं, वीस जणींना बसवणं अवघड जातं.

पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत एक पान ग्रामपंचायतीसाठी काढा. वर लिहा, पुढची ग्रामसभा कधी. खाली लिहा, कुठला एक विषय मांडायचा आणि कोण मांडणार. दहा विषय नकोत, एकच पुरे. तो सुटेपर्यंत दर बैठकीत त्या पानावर काय झालं ते लिहीत राहा.